पायरीखालची माणसं

"कण्हतोय त्याला घटकाभर थांबव, पोरी. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा." शिकत असताना म्हाताऱ्या सरांनी वॉर्डात म्हटलेलं हे वाक्य जुन्या गोदामासमोर उभं राहिल्यावर डॉक्टरीणबाईंना आठवलं.

हगवणीची साथ होती, आणि अख्खं गाव गोदामाच्या जिन्याशी लोटलं होतं. वर पायरीबाबा बसलेले. खाली चेले सुरात आळवत होते, "पाय तुझे, पायरी देवाची. चढलास तर तरलास." अट एकच. रोग्यानं आपल्या पायांनी जिना चढायचा. वर ओंजळभर पाणी मिळे आणि माणूस चार दिवसांत खडखडीत होई.

म्हणून तर आठवड्याभरानं नगरपालिकेच्या सभागृहात गावाची सभा भरली होती. डॉक्टरीणबाईंचं शाळेतलं सलाईन केंद्र बंद करायचं आणि तिथल्या नर्सा जिन्याच्या रांगेला द्यायच्या, असा ठराव होता.

"आणखी कसला पुरावा हवा, बाई?" नगराध्यक्ष म्हणाले. "माझी सख्खी आत्या वर गेली, बरी झाली. तुमच्या शाळेतून मात्र प्रेतं निघतात."

"सुयांनी माणसाची चाळण तेवढी होते," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

डॉक्टरीणबाईंनी तो ओसरू दिला. "मी आठवडाभर त्या जिन्याच्या तळाशी बसले. झोळीतून आणलेल्याला चेले परतवून लावतात. कुणी मध्येच कोसळला, तर म्हणतात श्रद्धा कमी पडली. मग वर पोचतो कोण? ज्याच्या अंगात अजून बळ आहे तो. तो घरी मीठ-साखरेचं पाणी पिऊनही उठला असता. आमच्याकडे चालत आलेले जवळजवळ सगळे तसेच उठले. बाबा रोग बरा करत नाहीत. सुपात दाणे घोळावेत तसे बरे होणारे तेवढे वेचून घेतात. फेकलेले आम्ही उचलतो, म्हणून प्रेतं आमच्याकडून निघतात. त्यातलेही बहुतेक वाचतात. केंद्र बंद झालं, तर ते कुठे जातील?"

"आणि ते पाणी गं?" नगराध्यक्षांच्या त्या आत्यानं हळूच विचारलं.

"तपासून आणलं, आत्याबाई. आपल्याच नळाचं आहे."

"पायरीखाली दगावलेलं माणूस आहे का कुणाच्या घरचं?" नगराध्यक्षांनी सभेकडे पाहिलं. "असेल तर बोला की."

कुणी बोललं नाही. बोलणं म्हणजे आपली श्रद्धा लटकी होती, हे चारचौघांत कबूल करणं.

"तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमला होता. "एवढंच म्हणते, जिना उतरलेले मोजलेत, तसे न चढलेलेही मोजा. मग ठरवा."

शेवटच्या बाकावरून त्यांची वहिनी उठली. तिची लेक, चिमणी, याच साथीत गेली होती. घरी, झोपेत गेली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. नणंदेलासुद्धा.

"वन्सं, न चढलेल्यांत आमची चिमणी धरा."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या.

"ती झोपेत नाही गेली. दुसऱ्या पायरीवर खाली बसली. म्हणाली, आई, उचल ना गं." वहिनीनं पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली. "उचललंस तर गुण येणार नाही, म्हणाले ते. शाळा तिथून दिसत होती, वन्सं. मी नाही उचललं."