हर्कमायाचा पाहुणा

संजिला भट्टराई पोखराच्या कॉलेजात पर्यटन शिकवायची आणि होमस्टेवर पीएचडी करत होती. तांगलुंग गावातली अठरा घरं पाहुणे ठेवत. कुणाकडे किती पाहुणे आले, कशाने खूश झाले, कशाला नाक मुरडलं, हे टिपायला ती आठवडाभर काजीमानकडे मुक्कामाला होती. काजीमान गावाच्या होमस्टे समितीचा अध्यक्ष; कुठला पाहुणा कुणाकडे, ते तोच ठरवायचा. त्याची वही चाळताना तिला दिसलं, हर्कमाया गुरुंगच्या घरी अकरा वर्षांत एकही पाहुणा पाठवलेला नाही. एकटी विधवा बाई! संजिलाला वाटलं, सापडला पक्षपात.

"पक्षपात कसला, बहिनी?" काजीमान तिला बहिनी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायचा. तो कसनुसा हसला. "तिची खोली रिकामी नाही. तूच विचार जा."

हर्कमाया अंगणात नाचणी वाळत घालत होती. गाव तिला आमा, म्हणजे आई, म्हणे.

"झापा जिल्ह्यातून आलेले मास्तर आहेत खोलीत," ती सहज म्हणाली. "अकरा वर्षं झाली. पहाटे डोंगराच्या धारेवर गेले, जेवायला येतो म्हणाले. गावानं चार दिवस दरी पालथी घातली, सापडले नाहीत. सातव्या दिवशी आले परत."

"कुणी पाहिलं, आमा?"

"पाहिलं कुणी नाही. चहा संपतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी संजिला त्या खोलीच्या दारातच बसली. दार एक, खिडकी एक, तीही गजांची, खाली कडा. हर्कमायाने चहा आत ठेवून दार ओढून घेतलं. अंगणात ऊन आलं तेव्हा कप बाहेर आणला. रिकामा. तळाशी ओला चोथा, काठ अजून कोमट. संजिलाने आत डोकावलं. कोपऱ्यात जुनी बॅग होती. उशीला खळगा पडला होता आणि तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वर येत होता.

ती उठून उभी राहिली. पण पळून जायचं तर ती काय सांगणार होती कुणाला? तिने आपल्या प्रश्नावलीचा कागद आणि पेन्सिल खाटेवर ठेवली आणि दुपारपर्यंत दारातून हलली नाही. कागद उचलला तेव्हा सगळे प्रश्न कोरे होते. फक्त 'मुक्काम किती दिवस?' यापुढे मास्तरकीच्या गोलसर अक्षरात लिहिलं होतं, 'आमाने निरोप दिला की निघेन.'

तांगलुंगात पाहुणा निघाला की उंबऱ्यावर त्याला तांदळाचा टिळा लावतात, गळ्यात माळ घालतात. त्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. जेवायला परत येणाऱ्याला टिळा कोण लावणार?

संजिलाने ते वाचून दाखवलं. हर्कमायाला नवल वाटलं नाही.

"ठाऊक आहे. मीच लावत नाही." ती नाचणीत बोटं फिरवत राहिली. "पोरगा मलेशियात गेला तो तिकडचाच झाला. सकाळी दुसरा कप कुणासाठी भरू गं?"

संजिला निघाली त्या दिवशी आमाचा निरोप घ्यायला आली, तेव्हा हर्कमाया टिळ्याचं ताट घेऊन उंबऱ्यात आली. पण हात काही वर उचलेना. नुसती मायेने बघत राहिली.

"राहा की माझ्याकडेच. जागा आहे."

"आमा, जीप सुटेल. टिळा लावा."

"घाई काय आहे?"

संजिलाला पाय उचलावासा वाटला, तो उचलेना. तेवढ्यात आतून कुणीतरी खाकरलं. वर्गात गोंगाट झाला की मास्तर खाकरतात, तसं. हर्कमाया दचकली, चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखी खाली बघू लागली आणि तिने टिळा लावला. संजिला जीपपर्यंत धावतच गेली.

दसऱ्यानंतर काजीमानचा फोन आला. हर्कमायाकडे बुटवलचं एक जोडपं उतरलं होतं.

"आणि मास्तर?"

"गेले. आम्हा सगळ्यांना बोलावलं तिने. उंबऱ्यावर उभी राहून समोरच्या रिकाम्या जागेत टिळा लावला, रडत होती. मग माळ घातली. हात बरोबर त्यांच्या उंचीवर नेले."

"आणि?"



"हात काढून घेतले तिने. माळ खाली पडली नाही, बहिनी."