दहापैकी दोन

बारकीपुढे दोन विद्यापीठं होती आणि दोन्ही इतकी तोलामोलाची, की डावं-उजवं करता करता घरातल्या सगळ्यांची झोप उडाली होती. शाखा तीच, मेकॅनिकल. फी सारखी, नोकऱ्यांचे आकडे उन्नीस-बीस. पहिलं बसने अर्ध्या तासावर, दुसरं रेल्वेने अकरा तासांवर, एवढाच काय तो फरक. आज संध्याकाळी पाचच्या आत एक जागा पक्की करायची होती, आणि एकदा केली की मग बदल नाही.

ती स्वतःच बघायला जाणार होती, पण ऐन वेळी कांजिण्यांनी गाठलं. मग बाबा रजा काढून गेले. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. राजवाडा दाखवला तरी हा माणूस आधी लिफ्ट कुठे आहे ते विचारणार. दोन्हीकडून ते काय घेऊन आले? कंपनीचे लिफ्ट-तपासणीचे दोन फॉर्म, रीतसर भरलेले, खाली सहीसकट!

बारकीने कपाळाला हात लावला. "बाबा, लॅब बघितली का? शिकवतात कसं?"

"ज्यांना लिफ्ट सांभाळता येत नाही, ते पोरी काय सांभाळणार?" बाबांनी चष्मा लावला. "पहिलं कॉलेज. दार सुरळीत, आवाज नाही, मशीनरूमला कुलूप, कोणी फिरकत नाही. दहापैकी साडेनऊ. दुसरं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, पॅनेल उघडं, वायरी बाहेर. दहापैकी दोन. विषय संपला."

आई कपड्यांच्या घड्या घालत गप्प होती. ती गप्प असली की कुठेतरी पाणी मुरतंय, हे बारकीला पक्कं ठाऊक होतं. तिने फॉर्म ओढून घेतले आणि वेळेचा रकाना वाचला. पहिलं कॉलेज, दहा वाजून दहा ते साडेदहा. दुसरं, अकरा ते सव्वाचार.

"बाबा, तिथे पाच तास काय करत होतात?"

बाबांनी जरा आढेवेढे घेतले आणि मग त्यांची कळी खुलली. "अगं, पॅनेल पोरांनीच उघडलं होतं! त्यांचे सर टॉर्च धरून उभे, आणि पोरं भांडतायत, बिघाड ब्रेकमध्ये की रिलेमध्ये. मी म्हटलं, सरका. तर सर म्हणतात, तुम्ही हात लावू नका, नुसतं विचारा, ते शोधतील. एका मुलीने शोधला बघ, कोपरापर्यंत ग्रीस! मग मला वर्गात नेलं. बोला म्हणाले. मी बोललो."

"आणि तरी दोनच मार्क?"

बाबा चष्मा पुसत बसले. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

"लांब आहे गं," ते म्हणाले. "अकरा तास. मला नाही करमणार."

 क्षणभर बारकीला वाटलं, राहू दे, जवळचंच घेऊ. पण ग्रीसने माखलेला तो हात काही डोळ्यांपुढून हलेना. साडेचार वाजले होते. तिने कॉम्प्युटरवर दुसऱ्या विद्यापीठाच्या नावापुढे खूण केली आणि बाबांकडे पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत. तिने बटण दाबलं.



"त्यांची लिफ्ट जुनी आहे," बाबा घसा खाकरत म्हणाले. "दर महिन्याला कोणीतरी येऊन बघायला हवी. मी येत जाईन, असं सांगून आलोय त्या सरांना."

"कधी सांगितलंत?"

"तेव्हाच, निघताना," बाबा म्हणाले आणि उगाचच आईवर डाफरले, "हसतेस काय?"