एक वीत उत्तरेला

माघातल्या एका सोमवारपासून शालिनी रोज एक वीत उत्तरेकडं सरकू लागली. ती चालत नव्हती, घसरत नव्हती. सकाळी मटार सोलायला बसली की संध्याकाळी ती त्याच मांडीनं, त्याच ताटासह एक वीत पुढं बसलेली असायची. सालपटं तेवढी मागं राहायची.

तिच्या नवऱ्याच्या, मुरलीधर पांचाळच्या, हे गुरुवारी लक्षात आलं. लोणंदला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर होतं. पुढं पत्र्याचा कारखाना, मागं राहायची एक खोली. तो देव्हारे करायचा. देव्हाऱ्याच्या जाळीच्या पातळ फळ्या कोरताना त्याची पाठ खोलीकडं असायची, त्यामुळं चार दिवस गेले.

"सरकतीयेस तू," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. तुमचं काम चालू होतं. म्हटलं, कशाला सांगायचं."

त्यानं फरशीवर लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध उभा होता. फरशीला उतार नव्हता, शालिनीलाच होता.

तिला मागं येता येत नव्हतं. मागं टाकलेलं पाऊल होतं तिथंच पडायचं. मुरलीधरनं तिला उचलून पाहिलं. वजन नेहमीचंच होतं, पण दक्षिणेकडं न्यायला गेलं की ती भरलेल्या कपाटासारखी जागची हलायची नाही. हात मात्र तिला मागं लांबवता यायचा. पहिल्या आठवड्यात ती तशीच हात लांबवून फडताळातला मिसळणाचा डबा काढत होती. मग डबा बोटांना लागेनासा झाला. मुरलीधरनं फडताळ पुढं नेलं, शेगडी पुढं नेली, पाण्याचा माठ पुढं नेला.

खोली तिला जागा करून देत होती. उत्तरेची भिंत तिच्यापुढं कायम दोन हात असायची. शेजारच्या दाभोळे सरांनी बाहेरून टेप लावला तेव्हा खोली पूर्वीइतकीच अठरा फूट भरली. आतून सव्वीस.

दाभोळे सर म्हणजे तसे सर नव्हेत. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या होत्या, भिंगं पुसली होती, पण गल्ली त्यांना सरच म्हणायची. टेप गुंडाळत ते म्हणाले, "उत्तरेलाच जातीये ना? मग ठीक आहे. दक्षिणेला असती तर काळजी होती."

मुरलीधरनं बांधून पाहिलं. तिच्या पातळाचा पदर कारखान्यातल्या मोठ्या शिकंज्यात धरला आणि दांडा आवळला. संध्याकाळी शिकंजा तितकाच घट्ट होता. त्याच्या जबड्यात काही नव्हतं. मग एका रविवारी जेवण झाल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत तो तिचं मनगट धरून बसला. मूठ त्यानं एकदाही सैल केली नाही. चहाला उठताना खाली पाहिलं, तर मुठीत तिच्या मनगटाएवढी पोकळी होती आणि शालिनी चार बोटं पुढं होती.

"तुम्ही सोडलं नाहीत," ती म्हणाली. "मी बघत होते."

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भीती वाटली. ती पोटात नव्हती, हातात होती. चाळीस वर्षं ह्या हातांनी जे धरलं ते धरलं होतं.

तो दाभोळे सरांकडं गेला. सर ओट्यावर पेपर वाचत होते.

"धरून उपयोग नाही," सर म्हणाले. "धरणारी वस्तू सुटते, दाबणारी सुटत नाही. तिच्या पायाखालची हवा काढून घे. मग वरून सगळं जग तिला दाबून ठेवेल."

"जग कशाला ठेवेल?"

"त्याला दुसरं काही येत नाही," सर म्हणाले आणि पान उलटलं.

मुरलीधरनं भंगारवाल्याकडून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला. आग विझवायच्या एका बाद यंत्राचं पोलादी नळकांडं टाकी म्हणून घेतलं. तांब्याची नळी, हवा एकाच बाजूला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, काट्याचा मीटर. दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून त्यानं पाटी केली, वर सनमायका बसवला, त्यात उभ्याआडव्या खाचा पाडल्या आणि कडेनं रबराची दोरी दाबून बसवली. जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहिलं. आले तिथं पुन्हा डाग दिला.

अकरा दिवस लागले. शालिनी अकरा विती पुढं गेली. खोलीत आता हाक मारली की उत्तर यायला जरा वेळ लागायचा.

आधी त्यानं पाटीवर देव्हाऱ्याची एक फळी ठेवली आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, काटा उतरला. फळी हलेना. त्यानं दोन्ही पाय भिंतीला लावून ओढली, तरी हलली नाही. त्याला रडू आलं. फळीवर त्यानं पालथा हात ठेवला.

पाटी त्यानं शालिनीच्या खुर्चीपुढं फरशीत चार बोल्ट मारून बसवली. तिला खुर्चीवर बसवलं, पाय पाटीवर घ्यायला लावले आणि कानावरची पेन्सिल काढून पावलांच्या कडेनं रेघ ओढली. त्या रेघेवर रबर बसवायचं होतं. तिचे तळवे त्यानं कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. टाचांना भेगा होत्या, काही इतक्या खोल की त्यांत पोस्टकार्ड उभं राहिलं असतं. भेगांतून हवा शिरणार होती. लाकडाला लावायचं मेण त्यानं वाटीत पातळ केलं आणि एकेक भेग भरली.

"गुदगुल्या होतात," शालिनी म्हणाली.

"हलू नकोस."

"किती वर्षांनी समोर बसलात."

त्यानं कारखान्यात जाऊन बटण दाबलं. काटा उतरला. संध्याकाळी त्यानं फरशीवर खडूनं केलेली खूण पाहिली. शालिनी तिथंच होती.

दोन दिवस फार चांगले गेले. मुरलीधरनं काम बाजूला ठेवलं. तो खाली फरशीवर बसायचा, ती वर खुर्चीवर. तिनं त्याला तिच्या माहेरच्या विहिरीचं सांगितलं, लग्नात हरवलेल्या जोडव्याचं सांगितलं. एकतीस वर्षांत ही बोलणी झालीच नव्हती. त्यानं भाकरी भाजली. ती जळली, ती तिनं खाल्ली. पायाखाली गार वाटतं एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फडताळाचं दार पुरतं उघडेना. बाजूची भिंत जवळ आली होती. काट्यानं शेवटचा आकडा ओलांडला होता आणि तो पुढच्या कोऱ्या जागेत जात होता. मुरलीधरनं कॉम्प्रेसर जरा बंद ठेवून पाहिला. चहा उकळेपर्यंत शालिनी दोन विती गेली, खुर्चीसकट. राहिलेलं सगळं जणू तिला एकदम भरून द्यायचं होतं. पाय पाटीवरून सुटले होते. त्यानं पाटी उखडून पुढं नेली, नवे बोल्ट मारले, नळी जोडून लांबवली, भेगांत पुन्हा मेण भरलं. त्यानंतर यंत्र त्यानं बंद केलं नाही.

पाचव्या दिवशी छत डोक्याला लागू लागलं. खिडकीच्या काचा आतल्या बाजूला फुगल्या. श्वास घ्यायला त्रास नव्हता, श्वास फक्त लहान झाला होता. दाभोळे सर आले आणि त्यांनी बाहेरून दार ओढलं. दार बाहेर उघडायचं, ते उघडलं नाही. सर खिडकीशी आले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज आत येत नव्हता. मुरलीधरनं कानाला हात लावून दाखवला. सरांनी काचेवर बोटानं एक बाण काढला. तो आत दाखवत होता. मग त्यांनी चष्मा पुसला आणि ते घरी गेले.

शालिनीचा आवाजही ऐकू येईनासा झाला. ती बोलायची, मुरलीधर तिच्या तोंडाकडं पाहायचा. शेवटी तिनं हातानं पेन्सिल मागितली. त्यानं प्लायचा एक तुकडा आणि पेन्सिल दिली. तिनं लिहिलं: सोडा.

मुरलीधरनं ते वाचलं. मग तुकडा उजेडाकडं धरून डोळे बारीक केले. पेन्सिल बोथट आहे, असं त्यानं खुणेनं सांगितलं, पटाशी घेतली आणि टोक काढत बसला. हळूहळू, सगळ्या बाजूंनी सारखं. त्याला वाटलं, टोक करता करता ती विसरेल. तिनं टोकदार पेन्सिल घेतली आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा गिरवलं.

त्यानं मान हलवली. तिनं तुकडा मांडीवर पालथा ठेवला. ती रागावली नाही. ती खूप दमलेली दिसली, आणि हे त्यानं केलं होतं, हे त्याला कळत होतं. पण बटणाकडं जायला त्याचे पाय वळेनात. ती जाईल, खोली लांबेल, एक दिवस ती ठिपक्याएवढी दिसेल. एवढं बघणं त्याच्यानं झालं नसतं.

सातव्या दिवशी दुपारी तिच्या डाव्या टाचेला नवी भेग पडली. आवाज नव्हताच, पण काटा थरथरला आणि त्याच्या गालावरून वाऱ्याची बारीक दोरी टाचेकडं गेली. मुरलीधर गुडघ्यांवर बसला. मेण कारखान्यात होतं. त्यानं उजवा हात टाचेशी लावला. पाटीनं हात ओढून घेतला, पूर्ण, मनगटापर्यंत सपाट. शालिनीचा पाय आपोआप बाजूला झाला. पाटीला एक तळवा हवा होता. तो कुणाचा, हे पाटीला कधी सांगितलेलं नव्हतं.

शालिनीनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग तिनं उजवा पायही उचलला.

तिथं पायाच्या आकाराची मोकळी जागा उरली आणि हवा आत धावू लागली. काटा वर चढू लागला. थोडा वेळ काही केलं नसतं, तर यंत्र ढिलं पडून त्याचा उजवा हात सुटला असता. पण मुरलीधर कारागीर होता. गळती दिसली की त्याचा हात जायचाच. डावा हात गेला आणि मोकळ्या जागेवर बसला. काटा पुन्हा उतरला. कुठंही हवा शिरत नव्हती. यंत्र इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं.

त्यानं हात ओढले. देव्हाऱ्याची फळी हलली नव्हती तसेच ते हलले नाहीत.

"बटण," तो म्हणाला. ते त्यालाही ऐकू आलं नाही.

शालिनीनं मागं पाऊल टाकलं, ते होतं तिथंच पडलं. बटण कारखान्यात होतं, दक्षिणेला. तिनं खुर्ची बाजूला सारली आणि त्याच्यापुढं फरशीवर बसली. आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं.

भिंती जवळ यायच्या थांबल्या. उत्तरेची भिंत तेवढी पुन्हा मागं जाऊ लागली. या खेपेला शालिनी एकदम गेली नाही, पूर्वीसारखी रोज एक वीतच सरकू लागली.

शेगडी तिच्या हाताशी होती. ती भात करायची आणि घास करून त्याला भरवायची. पहिल्या दिवशी ती इतकी जवळ होती की तिचा श्वास त्याच्या कपाळाला लागायचा. दुसऱ्या दिवशी तिनं त्याचे केस विंचरले, त्यासाठी तिला जरा वाकावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिला कोपर पूर्ण सरळ करावं लागलं. चौथ्या दिवशी तिनं घास बोटांच्या अगदी टोकावर धरला आणि त्यानं ओठ पुढं काढले. घास पोचला. ती हसली. तोही हसला.

पाचव्या दिवशी तिनं भात कालवला. मागं वळून, एक हात फरशीवर टेकून, दुसरा खांद्यापासून जितका लांबेल तितका लांबवला. मुरलीधरनं मान ताणली. मनगटं दुखली, पाटीनं सोडलं नाही. त्यानं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. तिनंही हात खाली घेतला नाही. तिच्या बोटांवरचं एक शीत सुटलं आणि मधल्या फरशीवर पडलं.