लयाशीला इथे कुणी ओळखत नाही

तपकिरी कोटातला तो माणूस गाडीतून सगळ्यांत शेवटी उतरला, आणि उतरल्या उतरल्या त्याने डोंगराकडे न बघता माझ्याकडे बघितलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या शावेन गावाला पहिल्यांदा येणारा माणूस आधी वर बघतो. उतारावरची निळी घरं बघतो, त्यांच्या मागचे दोन सुळके बघतो, मग तोंडातून 'अहाहा' काढतो आणि खिशातून फोन. याने दोन्ही काढलं नाही.

बाकीची मंडळी नेहमीची होती. स्पेनमधले निवृत्त मास्तर आणि मास्तरणी, डोक्यावर गवती टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. रदवान ड्रायव्हर अशा लोकांना सकाळी टँजियरहून घेऊन येतो आणि संध्याकाळी परत नेतो. मधला दिवस माझा.

"तो कोण रे?" मी रदवानला बाजूला घेऊन विचारलं.

"राजधानीतला, राबातचा आहे म्हणे. एकटाच आलाय. जागेचे पैसे दिले आणि बसला."

"आपल्या देशातला माणूस? पैसे मोजून, गाइड घेऊन शावेन बघायला? आपले लोक गाइड घेतात कधी?"

"लयाशी, तुला तर तुझ्या सावलीचाही संशय येतो," रदवान म्हणाला आणि सिगारेट ओढायला निघून गेला.

येतो मला संशय. उगाच नाही येत. माझ्याकडे सरकारी बिल्ला नाही. बिल्ला नसताना परक्यांना गाव दाखवणं हा गुन्हा आहे, आणि आम्हाला पकडायला जे पोलीस येतात ते काही टोपी घालून, शिट्टी वाजवत येत नाहीत. ते असेच येतात, चांगल्या कोटात, चकचकीत बुटांत. एरवी पकडला गेलो असतो तर दोन दिवस कोठडीत काढून आलो असतो. आईने शिव्या दिल्या असत्या, शेजाऱ्यांनी चेष्टा केली असती, संपलं असतं. पण या वेळी गोष्ट वेगळी होती.

गेल्याच महिन्यात आई रिवाजाप्रमाणे साखरेच्या ढेपा घेऊन तेतुआनला जाऊन आली होती, सुआदसाठी मागणी घालायला. सुआद तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. आईचा पाय मोडला तेव्हा तिनेच आईचं सगळं केलं, आणि आईला भेटायला म्हणून मी रोज तेतुआनची बस पकडू लागलो. आई बरी झाली तरी मी बस पकडतच होतो. खरं सांगायचं तर त्या मुलीशिवाय मला काही सुचत नव्हतं. तिच्या घरच्यांनी ढेपा ठेवून घेतल्या आणि म्हणाले, "विचारपूस करून कळवतो." आमच्याकडे असंच असतं. मुलीकडच्या दोन बायका डोक्यावरून ओढायचा लांब जेलाबा घालून गुपचूप येतात, गावच्या हमामखान्यात न्हायला बसतात, गल्लीच्या पावाच्या भट्टीवर उभ्या राहतात, आणि मुलगा कसा आहे, आईशी कसा वागतो, कमावतो की उडवतो ते काढून घेतात. आईने भट्टीवाल्यापासून हमामवालीपर्यंत सगळ्यांना आधीच गोड बोलून ठेवलं होतं. आम्ही त्या दोन बायकांची वाट बघत होतो. अशा वेळी 'मुलगा कोठडीत आहे' हे त्यांच्या कानावर जाणं म्हणजे खेळ खलास.

म्हणून मी ठरवलं, आज मी गाइड नाहीच.

चौकात पोचल्यावर स्पॅनिश मंडळींना हमिदोच्या चहाच्या दुकानात बसवलं. हमिदो माझा लहानपणापासूनचा मित्र. पुदिना निवडणाऱ्या त्याच्या कानाशी वाकून मी म्हणालो, "तपकिरी कोट. राबातचा. मला इथे कुणी ओळखत नाही."

हमिदोने मानही वर केली नाही. "कोण आपण?" म्हणाला.

आमच्या गावात बातमी उतारावरच्या पाण्यासारखी धावते. आम्ही चहा संपवून उठेपर्यंत वरच्या ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांपर्यंत ती पोचली असणार. घोंगड्या विणणारा मफदल मला रोज लांबूनच हाक मारून आत ओढतो, कारण माझी गिऱ्हाइकं त्याचीही गिऱ्हाइकं. त्या दिवशी त्याने माझ्याकडे असं बघितलं की क्षणभर मलाच वाटलं, आपण कुठेतरी चुकून आलोय.

तपकिरी कोट मात्र मला सोडेना. बाकीचे भिंतींचे फोटो काढत होते आणि हा माझ्या खांद्याला खांदा लावून चालत होता.

"तुम्ही इथलेच का?" त्याने विचारलं.

"छे! मी वझ्झानचा. सहज आलोय. हा ड्रायव्हर ओळखीचा आहे, म्हणून यांच्याबरोबर फिरतोय."

"असं का? मग काम काय करता?"

बघा प्रश्न. सरळ वर्मावर बोट. "काही नाही साहेब. काम कुठाय हल्ली?"

"पण या लोकांना वाट तर तुम्हीच दाखवताय."

"वाट काय, पुढे जाईल तो रस्ता."

तेवढ्यात एका मास्तरणीने विचारलं, भिंतींना निळा चुना का लावतात? या प्रश्नावर माझं पोट चालतं. डास पळतात, आकाशाची आठवण राहते, ज्यू लोकांनी सुरू केलं, गिऱ्हाइकाचं तोंड बघून मी कारण देतो. आज म्हणालो, "मला काय माहीत बाई, मीही तुमच्यासारखाच." ती बिचारी हिरमुसली. तिच्या तोंडावरचा तो भाव बघून मला माझीच लाज वाटली, पण तपकिरी कोट कान टवकारून उभा होता.

"लग्न झालंय का तुमचं?" त्याने पुढच्या वळणावर विचारलं.

इथे मी शहाणपणा केला. मुलंबाळं असलेल्या माणसाला पोलीस जरा हलक्या हाताने धरतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी आवाज जड केला. "झालंय ना साहेब. चार मुलं आहेत. धाकटं अजून अंगावर पितंय."

तो थांबला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चार."

"अल्लाची कृपा."

त्यानंतर तो माझ्यापासून दूर झाला. मला वाटलं, विरघळला. पण नाही. तो दुकानादुकानांत शिरू लागला. मफदलशी काहीतरी बोलला, मफदलने मान हलवली. पावाच्या भट्टीपाशी गेला, म्हाताऱ्या बा अलालने दोन्ही हात हवेत उडवले, म्हणजे ठाऊक नाही. हमामखान्याच्या दारातल्या बाईशी बोलायला गेला, तर तिने दारच लावून घेतलं. मी लांबून सगळं बघत होतो आणि माझी छाती अभिमानाने भरून येत होती. काय माणसं आहेत माझी! एकानेही ताकास तूर लागू दिली नाही.

दुपारी डोंगरावरच्या, स्पॅनिशांनी बांधलेल्या मशिदीपर्यंत जाऊन आलो, जेवणं झाली, खरेदी झाली. आज खरेदीतला माझा वाटा गेला, पण जीव वाचला होता. गाडी सुटायला थोडा वेळ होता. मंडळी चौकात संत्र्याचा रस पीत बसली आणि तपकिरी कोट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"लयाशी," तो म्हणाला.

मी त्याला नाव सांगितलं नव्हतं.

"साहेब, मी वझ्झानचा..."

"तू लयाशी. रहिमोबाईंचा मुलगा. बिल्ला नसलेला गाइड. माझं नाव तुहामी. मी सुआदचा मामा."

मला त्या क्षणी पोलीस चालला असता. दहा पोलीस चालले असते.

"बहिणीने मला राबातहून बोलावून घेतलं," मामा शांतपणे सांगू लागले. "म्हणाली, बायका जातात आणि गोड गोड ऐकून परत येतात. तू त्याच्याबरोबर दिवसभर फिर. मी फिरलो. पोराला स्वतःचं गाव नाही, काम नाही, घरी बायको आणि चार मुलं. आणि गावात विचारलं तर त्याला ओळखणारा एक माणूस मिळाला नाही. आता बहिणीला काय सांगू?"

"मामा, मुलं नाहीत!" मी ओरडलोच. "एकही नाही! बायकोही नाही! मला वाटलं तुम्ही पोलीस. मीच सगळ्यांना सांगितलं, मला ओळखू नका म्हणून. चला, आत्ता विचारा, माझ्यासमोर विचारा!"

मी त्यांचा हात धरून त्यांना हमिदोकडे ओढत नेलं. "हमिदो, सांग यांना मी कोण!"

हमिदोने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या तपकिरी बाहीकडे बघितलं. मला पकडलंय आणि ओळख पटवायला आणलंय, असं त्याने एका नजरेत ठरवलं. "कोण हे गृहस्थ?" म्हणाला. "आजच बघतोय."

"अरे गाढवा, आता खरं सांग! हे तसले नाहीत!"

"साहेब," हमिदो मामांना म्हणाला, "या माणसाचं डोकं ठिकाणावर नसावं. पण बिचाऱ्याचा गुन्हा काही दिसत नाही."

मफदल तर त्याच्याही पुढे गेला. मी शपथा घातल्या, त्याच्या पोराच्या बारशाची आठवण दिली, त्याच्या बायकोचं नाव घेतलं. त्याने घोंगडी झटकली आणि म्हणाला, "माझ्या बायकोचं नाव तुम्हाला कसं ठाऊक हो?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी खोटं बोलणं त्याला किती जड जात असेल ते मला कळत होतं, आणि त्याचा गळा दाबावा असंही वाटत होतं.

"घरी चला," मी मामांना म्हणालो. "आई. आई तर खोटं बोलणार नाही."

आईने दार उघडलं. मामांचा कोट बघितला, बूट बघितले, माझा रडवेला चेहरा बघितला.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

"आई, यांना सांग मी तुझा मुलगा आहे."

"मला मुलगा नाही," आई म्हणाली. अशी म्हणाली की माझ्या अंगावर काटा आला. "मी एकटी विधवा बाई आहे. तुम्ही पाहुणे दिसता, आत या, चहा घ्या. पण या माणसाला मी ओळखत नाही."

मामा आत गेले. मी त्यांच्या मागून शिरलो.

"बूट!" आई किंचाळली. "बूट काढ आधी, मेल्या! आत्ता फरशी पुसलीय! शंभरदा सांगून झालं!"

आईने तोंडावर हात ठेवला, मग काढला आणि मामांना म्हणाली, "कुणाचा का मुलगा असेना. फरशी माझी आहे."

"आई, हे सुआदचे मामा," मी म्हणालो.

आई मटकन खाली बसली. मग उठली, आतून बदामाचे लाडू आणले, जुना चहा ओतून देऊन नवा टाकला, आणि मला एक मुलगा आहे आणि तो कसा लाखात एक आहे हे न थांबता सांगू लागली. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"रहिमोबाई," ते म्हणाले, "तुमची माणसं खोटं बोलली त्याचा मला राग नाही. उलट हेवा वाटला. माझ्यासाठी राबातमध्ये कुणी इतकं खोटं बोलणार नाही. मला वेगळीच काळजी आहे." ते माझ्याकडे वळले. "सकाळी मी गाडीतून उतरलो तेव्हापासून तू मला चोर ठरवलंस. मी साधं विचारलं तरी तुला डाव दिसला. सुआदला रात्रपाळी असते. कधी पहाटे घरी येते, कधी उशीर होतो, कधी कुणा डॉक्टरच्या गाडीतून येते. ती दारात उभी राहील तेव्हा तू तिच्याकडे कसा बघशील?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. माझा तिच्यावर जिवापाड विश्वास आहे, मामा. अशी वाक्यं मी परक्यांना दिवसभर विकतो. आई डोळ्यांनी मला सांगत होती, बोल, बोल.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. "मी नको ते विचारीन, अशी मलाच भीती वाटते. ती मला खूप आवडते, म्हणून तर जास्त वाटते."

आईने कपाळावर हात मारला.

"सुआदला हेच सांगतो," मामा म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही. मग तिचं ती ठरवेल." खालून रदवानचा भोंगा ऐकू आला. त्यांनी बूट घातले, आईचा निरोप घेतला आणि मला सोबत येऊ दिलं नाही. वाट सापडेल म्हणाले.

मी चौकात पोचलो तेव्हा गाडी वळण घेऊन गेलेली होती. हमिदोने मला लांबून बघितलं आणि धावत येऊन कडकडून मिठी मारली. मफदल आला, बा अलालही भट्टी सोडून आला. सगळ्यांचे चेहरे फुलले होते.

"सुटलास!" हमिदो म्हणाला. "बघितलंस? फुटला का एक तरी?"

"मी तर रडकुंडीलाच आलो होतो," मफदल म्हणाला. "तू इतक्या काकुळतीने विचारत होतास! पण म्हटलं नाही, मेलो तरी ओळख द्यायची नाही."

"होता कोण पण?" बा अलालने विचारलं. "कुठल्या खात्याचा?"

"सुआदचा मामा," मी म्हणालो.

ते एकमेकांकडे बघून जे हसायला लागले ते थांबेचनात. बा अलालला ठसका लागला. हमिदोने माझ्या पाठीवर थाप मारली, खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "चल, आता आम्हाला तरी थापा मारू नकोस."