पाच किलो आणि वरची मूठ

मी एक जुना तराजू आहे. औशात बाजारापासून दोन गल्ल्या आत गुरम्माचं पत्र्याचं शेड आहे, तिथं वाशाला लटकून असतो. मित्रांनो, परदेशी माल पाठवायच्या कामात मी मुरलेला आहे. स्वतः मात्र मी लातूरच्या पलीकडं एकदाच गेलो, उदगीरला, आणि तेही जन्म घ्यायला.

उदगीरच्या एका लोहारानं माझी दांडी घडवली आणि शेजारच्या तांबटानं पितळेची पारडी ठोकली. त्या दोघांचं आपसात बोलणं बंद होतं. त्यामुळं माझ्या दांडीचा आणि पारड्यांचा परिचय व्हायला पहिले काही महिने गेले. गुरम्माचे मालक गुरुलिंग यांनी मला किराणा दुकानासाठी आणलं. गूळ, डाळ, मीठ, सगळं माझ्यातून गेलं. वजनमापवाले वर्षातून एकदा यायचे, माझ्या दांडीवर शिक्का हाणायचे आणि मी खरा आहे असं लेखी कळवून जायचे. इतकं कौतुक फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

गुरुलिंग गेले तेव्हा दुकान मोडलं. गुरम्मानं चिंच फोडायचं काम सुरू केलं. गल्लीतल्या बायका ओळीनं बसायच्या, टरफल काढायच्या, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायच्या आणि मऊ गर माझ्या पारड्यात यायचा. चिंचेनं पितळ उजळतं, हे तुम्हाला ठाऊकच असेल. माझी पारडी अशी झळकायला लागली की एका पाहुण्यानं सोयरीक ठरवताना माझ्याकडं बघून मुलाकडची ऐपत ठरवली होती.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढं सगळा घोटाळा तिनंच केला. गुरम्मा माप भरलं की थांबत नसे. काटा मधोमध आला, वजन बरोबर झालं, की ती ढिगातून एक मूठ उचलायची आणि वर टाकायची. माझं पारडं खाली जायचं, मग तिचा जीव खाली बसायचा. तिला ही सवय सासूनं लावली होती. नुसतं बरोबर मोजून देणं म्हणजे हात आखडणं, असं त्या घरात मानत. त्या वरच्या मुठीचा हिशेब नसे. तिच्याबद्दल बोलायचंही नसे.

ही गोष्ट लातूर जिल्हा नवा झाला त्या काळातली आहे. जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं दगा दिला. विहिरींचे तळ दिसायला लागले. पण चिंचेला त्याचं काही नव्हतं. झाडं अशी लगडली होती की माणसं म्हणायची, पावसाचं सगळं पाणी ह्यांनीच पिऊन टाकलं दिसतंय. चिंच उदंड झाली आणि घेणारं कोणी उरलं नाही. गुरम्माचा दीर शरणप्पा आडतीवर बसायचा. त्यानं सांगितलं की यंदा काम बंद करा, बायकांना रोजगार हमीच्या खडीवर जाऊ द्या. गुरम्मानं बायकांना उन्हाळाभर काम देते असा शब्द दिला होता. कस्तुराबाई मागच्या दुष्काळात खडीवर गेली होती आणि तिथून कमरेचं दुखणं घेऊन आली होती. पंचफुलाच्या मांडीवर तान्हं मूल होतं. ह्या बायकांचं सावलीतलं काम जाऊ नये, एवढाच गुरम्माचा प्रश्न होता.

अशात तिच्या माहेरचा, किल्लारीचा, भुजंग सुतार दुबईहून सुट्टीला आला. त्यानं बोलता बोलता सांगितलं की तिकडं दुकानात चिंच मिळते, पण ती कुठल्या तरी दुसऱ्या देशाची असते आणि तिच्यात चिंचोके तसेच असतात. गुरम्मा दोन दिवस नीट जेवली नाही. एवढा पैसेवाला मुलूख, आणि लोक आमटीतनं चिंचोके थुंकून राहिलेत, हे तिला सोसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं नमुन्याची चिंच फडक्यात बांधली, मला वाशावरून उतरवलं आणि लातूरची बस धरली. तराजू कशाला, असं शरणप्पानं विचारलं. ती म्हणाली, साहेबाला आपलं माप दाखवावं लागतंय.

बसमध्ये कंडक्टरनं माझ्यावरून वाद घातला. गुरम्मा म्हणाली की हे सामान आहे. तो म्हणाला की सामान टपावर जातं, मांडीवर बसतं ते मूल. शेवटी माझं अर्धं तिकीट निघालं.

जिल्हा नवा असल्यामुळं कचेऱ्या अजून आपापल्या जागा शोधत होत्या. सोमवारी जिथं पशुवैद्यक बसायचा तिथं गुरुवारी भूमापनवाले निघायचे. निर्यातीचं विचारायचं कुठं, हे कोणालाच सांगता येईना. एका पट्टेवाल्यानं लांबलचक रांगेकडं बोट दाखवलं. गुरम्मा मला घेऊन त्या रांगेत दिवसभर उभी राहिली. खिडकीशी पोचल्यावर तिनं नाव, गाव, गल्ली सांगितली, अंगठ्याऐवजी ऐटीत सही केली आणि बाहेर आली तेव्हा आमच्या गल्लीला पाण्याचा टँकर मंजूर झालेला होता. गल्लीतले लोक वर्षभर त्यासाठी खेटे घालत होते. त्यांनी गुरम्माला हार घातला. ती मात्र नाराजच होती, कारण तिला टँकर नको होता, दुबई पाहिजे होती.

दुसऱ्या खेपेला एका चहावाल्यानं बरोबर दार सांगितलं. लग्नाच्या मंगल कार्यालयातली भांड्यांची खोली होती ती. आत लहान उद्योगांना निर्यातीचं मार्गदर्शन करणारे व्यवहारे नावाचे साहेब बसले होते. त्यांच्याकडं खुर्ची एकच होती, ती त्यांनी उठून गुरम्माला दिली आणि स्वतः माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसले. गठ्ठे छातीएवढे उंच होते, कारण अजून कोणी एकही पत्रक न्यायला आलं नव्हतं. साहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. गुरम्मा ही त्यांच्या नोकरीतली पहिली उद्योजक होती. ते इतके आनंदले की त्यांनी मलाही पाणी विचारलं.

पण मित्रांनो, माणूस कामाचा होता. त्यांनी चिंच चाखली, उजेडात धरली, कुठं शीर राहिलीय का पाहिलं. मग सांगितलं की एकदम आपल्या नावावर माल पाठवायची घाई करू नका. मुंबईत एक भला निर्यातदार आहे, तो लहान लोकांचा माल गोळा करून धाडतो. पहिली खेप त्याच्या नावावर जाऊ द्या. तपासणी कशी होते, पेटी कशी बांधतात, बँक कुठला कागद मागते, ते बघून शिका. मग तुमच्या नावाचा निर्यातीचा नंबर काढू, तो काढायला मी बरोबर येतो. गुरम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना तीन पत्रकं मागितली. साहेबांनी ती बसल्या जागेखालून काढून दिली आणि ते तेवढे खाली आले.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. नमुना मुंबईला गेला, तिथून दुबईला गेला आणि पाच पाच किलोच्या पेट्यांची मागणी आली. शेडमध्ये सकाळपासून ठोकठोक चालायची. टँकरचं पाणी यायचं, पंचफुलाचं मूल माझ्या जुन्या वजनांशी खेळायचं. बायका दुबईच्या बायकांबद्दल काळजीनं बोलायच्या. त्यांना आमटी जमत असेल का, हा मुख्य विषय असे. प्रत्येक पेटी माझ्या पारड्यात भरली गेली. काटा मधोमध आला. आणि प्रत्येक पेटीवर गुरम्मानं एक मूठ टाकली.

पेट्या मुंबईला गेल्या आणि अडकल्या.

ही बातमी शरणप्पानं आडतीवरच्या फोनवर ऐकली आणि तो पळत आला. पळत येण्यात त्याला दुःखापेक्षा उत्साह जास्त होता असं मला वाटलं, पण मी तराजू आहे, एका बाजूनं बोलू नये. तो म्हणाला, "वैनी, कागदावर लिवलंय एक आन् पेटीत निघालंय दुसरंच. तिकडं पेट्या बोटीत बसनात, हिकडं बाया सोमवारी खडीवर बसतील बघा."

बायकांचे हात थांबले. कस्तुराबाईनं कमरेला हात लावला.

दुसऱ्या दिवशी व्यवहारे साहेब स्वतः एसटीनं आले. मुंबईचा माणूस म्हणत होता की प्रत्येक पेटी जड आहे, आत दुसरं काही लपवलंय की काय. साहेबांनी शेडभर नजर फिरवली, माझ्याकडं पाहिलं आणि गुरम्माला एक पेटी भरून दाखवायला सांगितलं. तिनं भरली. काटा मधोमध आला. तिचा हात ढिगाकडं गेला आणि साहेबांच्या सगळं ध्यानात आलं.

"गुरम्मा, कागदावर पाच किलो आहे," साहेब म्हणाले.

"पाचच हाय की."

"आणि ही मूठ?"

"ती वरची. ती मोजायची नसती."

"ते मोजतात."

"मग ते पाप त्यांचं," गुरम्मा म्हणाली.

साहेब चिंचोक्यांच्या पोत्यावर बसले. त्यांनी समजावून सांगितलं की तिकडं कमी भरलेलं चालत नाही तसं जास्त भरलेलंही चालत नाही. जे लिहिलं तेच आत पाहिजे. मुंबईच्या माणसाला सांगून पेट्या उघडू, प्रत्येकीतली मूठ काढून घेऊ, माल सुटेल. हे ऐकून गुरम्मा उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला की जणू साहेबांनी जेवणाऱ्याच्या ताटातली भाकर उचलायला सांगितली होती.

"दिलेली मूठ परत घेऊ व्हय मी? त्यापरीस शेडला कुलूप लावते."

कुलूप लावलं की बायका खडीवर जाणार, हे तिला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं आणि दारात उभ्या शरणप्पाला तर फारच माहीत होतं. मग साहेब म्हणाले की मूठ निघत नसेल तर कागद बदलू. मूठ कागदावर घेऊ. फक्त ती केवढी असते, ते सांगा.

त्या दुपारी, मित्रांनो, मी पहिल्यांदा मूठ मोजली. माझ्या जातभाईंपैकी कोणाला ही संधी मिळाली असेल असं वाटत नाही. गुरम्मानं हात पारड्यात मोकळा केला, शंभर ग्रॅम भरले. साहेबांनी खात्रीसाठी सगळ्यांच्या मुठी मोजल्या. कस्तुराबाईची दणकट निघाली. पंचफुलाची बरोबर गुरम्माएवढी. शरणप्पाची मूठ मोजताना माझा काटा हललाच नाही, तो म्हणाला की बोटांतून सांडली. पण मूठ टाकायचा मान गुरम्माचाच असल्यामुळं तिचीच धरली. साहेबांनी दुरुस्तीचा कागद केला, पाच किलो शंभर ग्रॅम. कारणाच्या रकान्यात त्यांनी थोडा विचार करून लिहिलं, 'स्थानिक पद्धत'. मुंबईच्या माणसानं काही पेट्या तोलून पाहिल्या, वजन जुळलं आणि माल बोटीत बसला.

सोमवारी बायका खडीवर गेल्या नाहीत. शेडवर आल्या.

दुबईहून पुन्हा मागणी आली, पहिलीपेक्षा मोठी. आता पेटीवर छापूनच आणलं होतं, वजन पाच किलो शंभर ग्रॅम. असलं वजन जगात दुसरं कोणी विकत नसेल. नव्या खेपेची पहिली पेटी भरायला व्यवहारे साहेब मुद्दाम आले. गुरम्मानं चिंच घातली. पाच किलो झाली, शंभर ग्रॅम झाली, काटा मधोमध आला. साहेबांनी सुटकेचा श्वास घेतला.

गुरम्माचा हात ढिगाकडं गेला.

"आता कशाला?" साहेबांचा आवाज चिरका झाला. "मूठ आत आहे ना! कागदावर आहे!"

"कागदावर आली म्हंजी ती मापात धरली," गुरम्मा शांतपणे म्हणाली. "वरची कुठं हाय?"

साहेबांनी डोक्याला हात लावला. मीसुद्धा आतून हादरलो. हे असंच चाललं तर प्रत्येक खेपेला शंभर ग्रॅम वाढत जाणार, आणि एक दिवस आख्खा औसा तालुका एका पेटीत भरून दुबईला जाणार. गुरम्माच्या मुठीत चिंच होती आणि मूठ माझ्या पारड्यावर अधांतरी होती. सोडली तर माल अडकणार होता. मागं घेतली तर तिला रात्रभर झोप लागणार नव्हती.

तेव्हा कस्तुराबाई उठली. कमरेवर हात ठेवून हळूहळू पुढं आली आणि तिनं त्या मुठीखाली आपला पदर धरला.

"अक्का," ती म्हणाली, "खाणाऱ्याला लई दिली. फोडणारीला कधी देता?"

गुरम्मानं कस्तुराबाईकडं पाहिलं, मग पदराकडं. माझा काटा मधोमध स्थिर होता. तिनं मूठ उघडली. चिंच पदरात पडली, आणि गुरम्माचा जीव खाली बसला तो मला ओळखू आला, कारण इतकी वर्षं तो माझ्याच पारड्याबरोबर बसत आला होता.

तेव्हापासून पेटीला छापलं तेवढंच जातं, आणि पेटीमागं एक मूठ फोडणारीच्या पदरात पडते. त्या दुष्काळात कुणाच्या घरी डाळ पातळ होती, पण आमच्या गल्लीतली आमटी आंबट व्हायची राहिली नाही. व्यवहारे साहेबांची पत्रकं भोकरपर्यंतचे लोक येऊन घेऊन गेले. गठ्ठे संपले, साहेब फरशीवर आले, तेव्हा कुठं सरकारनं त्यांना दुसरी खुर्ची मंजूर केली. गुरम्माचा स्वतःचा नंबरही निघाला. शरणप्पा आता लोकांना सांगतो की दुबईची कल्पना त्याचीच.

हल्ली शेडमध्ये विजेचा काटा आलाय. त्याला लाल आकडे आहेत आणि तो माझ्याशी बोलत नाही. मी वाशाला असतो. पंचफुलाची पोरगी सणावाराला माझी पारडी चिंचेनं घासते. मला राग नाही, खंत थोडी आहे, पण ती शंभर ग्रॅमच्या आतली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी जुना असेल तर त्याला भंगारात देऊ नका. भंगारवाला आम्हाला दुसऱ्या तराजूत घालून मोजतो, आणि ते फार लाजिरवाणं असतं. दांडीच्या खिळ्याला वर्षातून एकदा तेल द्या. कधी तुमचा माल लांबच्या मुलखात निघाला, तर आधी विचारायचं दार शोधा, ते भांड्यांच्या खोलीत असलं तरी. लिहाल तेवढंच भरा. आणि संध्याकाळी शेड झाडताना बघा, ज्यांनी दिवसभर हात झिजवले त्यांच्यातली कोणी मोकळ्या पदरानं तर घरी चालली नाही ना.