खिळ्याची परवानगी

“पाणी किती वाजता येतं?” दाराबाहेर चपला काढत लाँड्रीताईंनी विचारलं, तेही इतक्या हळू आवाजात की एजंटला कान पुढे करावा लागला.

“ताई, तुम्ही घर विकत घ्यायला आलायत,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं बोललात तरी चालेल.”

मागून जिना चढून आलेले त्यांचे यजमान धापा टाकत टाकत हसले.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुण्यात ताईंचा एक जन्म गेला होता आणि भाड्याच्या घरांत दुसरा. दोन्ही त्यांनी एकाच आयुष्यात उरकले. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्यांत बसणारी घरं सगळी गावाबाहेर होती, आणि यजमानांच्या हृदयाला हॉस्पिटल सोडून लांब जाणं परवडणारं नव्हतं. म्हणून भाच्यानं डोक्यात भरवलं, की राहा आहात तिथेच, पण एक लहानसं घर घेऊन भाड्यानं द्या. वर्षात दोन महिने ते रिकामं राहील असं धरायचं, डागडुजी वजा करायची, आणि उरेल ते बँकेच्या व्याजापेक्षा जास्त असलं तरच हो म्हणायचं. “आणि मामी, घराच्या प्रेमात पडायचं नाही,” असंही त्यानं बजावलं होतं. आधीची दोन घरं या हिशेबात सपशेल नापास झाली होती.

या तिसऱ्या घरात भाडेकरू होते. घड्याळं दुरुस्त करणारे, एकटेच राहणारे एक काका. घर लख्ख झाडलेलं होतं आणि टेबलावर सगळ्यांसाठी चहा तयार होता. त्यांनीही एकदा असंच घर आवरून नव्या मालकिणीसाठी चहा केला होता. त्या बाईनं कपाला हात लावला नाही, आणि पुढच्याच महिन्यात घर सोडायला सांगितलं. ताईंनी पुढे होऊन कप उचलला.

फ्रिजवर काकांच्या बायकोचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता.

“लावला नाहीत?”

“मालकांना खिळे चालत नाहीत.”

“आमच्याही मालकांना नाही चालत. सासूबाई कपाटावर बसल्यात आमच्या.”

काका पहिल्यांदाच हसले. मग थोडे घुटमळले. “एक सांगतो ताई. बाथरूमच्या मागची ती भिंत पावसात ओल धरते. नंतर कळलंच असतं तुम्हाला.”

एजंटच्या कपाळाला आठी पडली. त्यानं ताईंना घाईघाईनं बाल्कनीत नेलं. “यांना काढून, रंग मारून देतो. भाडं सरळ दीडपट येईल.” त्यानं आकडा सांगितला.

“बाप रे! एवढं?” ताई म्हणाल्या. “जरा कमी करा ना!”

“अगं,” यजमान म्हणाले, “ते आपल्याला मिळायचंय!”

एजंट तर बाल्कनीच्या कठड्याला धरून हसला. ताईही ओशाळून हसल्या. आत काका कप विसळत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि ते हसले नव्हते.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामी, ते काका गेले तर सौदा एक नंबर. राहिले तर बँकच बरी.”

“त्या हिशेबात तू दोन महिने रिकामे धरलेयस ना?”

“धरायचेच असतात.”

“भाडेकरू घर सोडतो कधी, हे मला विचार. कुणी काढल्याशिवाय हे काका हलत नाहीत. ते दोन महिने भरलेले धर. आणि ओल आहे म्हणून किंमत खाली येईल.”

भाच्यानं पुन्हा आकडेमोड केली. “येतं बँकेच्या थोडं वर. पण मामी, एजंटशी भांडणार कोण?”

“मी. मशीनच्या आवाजावर ओरडण्यात हयात गेलीय माझी.”

आणि त्या भांडल्या. एजंटनं कानांत बोटं घालायचीच बाकी ठेवली होती. किंमत खाली आली, घर ताईंच्या नावावर झालं आणि काका होते त्याच भाड्यात राहिले. खिळा ठोकू का, म्हणून काकांनी फोन केला, तेव्हा ताई क्षणभर गोंधळल्याच. कुणाला विचारावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग म्हणाल्या, “ठोका की.”

पहिलं भाडं घ्यायला त्या एकट्याच गेल्या. फोटो भिंतीवर होता, अगदी सरळ. त्याच्या बाजूला हातभर अंतरावर आणखी एक खिळा होता, रिकामा.

“हा कशाला?”

“हातोडी मागून आणलीच होती,” काका म्हणाले. “म्हटलं, एक तुमचाही असू द्यावा. घर तुमचं आहे.”

चहा ठेवायला काका आत गेले. दुसऱ्याच्या घरात ताई पिशवी नेहमी मांडीवर घेऊन बसत, आणि त्यांची सगळी घरं आजवर दुसऱ्याचीच होती. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली, त्या खिळ्याला अडकवली आणि रिकाम्या हातांनी खुर्चीवर बसल्या.