जांगडावर आणलेला हिरा

१९६७ च्या मार्गशीर्षात माझा धाकटा भाऊ आनंदा याचा साखरपुडा पालघरच्या एका मास्तरांच्या उषाशी ठरला. वडील हयात नसल्यामुळे खरेदी माझ्याकडे आली. आम्ही दोघेही तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर होतो; मी तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला पर्यवेक्षक, तो वेल्डर. दोन वर्षे जादा पाळ्या करताना त्याने एकच हौस सांभाळली होती : होणाऱ्या बायकोच्या बोटात खरा हिरा घालायचा.

पालघरच्या तात्या सराफांनी पुडीतून दोन खडे काढले. किंमत सारखीच. एक निर्मळ, पण बारीक. दुसरा जवळपास दीडपट मोठा, मात्र भिंगातून पाहिल्यास आत केसाएवढी रेघ.

“ही रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते का?” मी विचारले.

“नाय दिसत. पण ठोका लागू देऊ नका,” तात्या म्हणाले.

अंगठी लोक हातभर अंतरावरून पाहणार. तेथून न दिसणाऱ्या दोषासाठी आकार का गमवावा, असा मी हिशेब मांडला. आनंदा एवढेच म्हणाला, “दादा, तुम्ही म्हणाल तो.”

मोठा खडा आम्ही जांगडावर, म्हणजे पसंत पडला तरच घेण्याच्या बोलीवर, तीन दिवसांसाठी बोईसरला घरी आणला. हिरा लाभतो की नाही, हे आधी पाहायचे, असा माझ्या पत्नीचा, मैनाबाईचा, आग्रह होता. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. तीन दिवसांत दूध नासले नाही की कोणाला ताप आला नाही.

“लाभला!” ती म्हणाली.

“दूध नासले नाही, हा काही पुरावा नव्हे,” मी म्हणालो.

“मग तुमच्या कानशीला विचारा.”

मी खरोखरच विचारले. टणक पोलादी कानस खड्यावर घासली. खड्यावर ओरखडा नाही, कानशीचेच दात बोथटले. खड्याने काच कापली. एवढ्यावर थांबायला हवे होते. परंतु सर्वांत कठीण पदार्थ पोलादात रुतलाच पाहिजे, असे मला वाटले. ओट्यावर वस्तू आवळून धरण्याचा माझा छोटा व्हाइस होता; त्याच्या पोलादी जबड्यांत मी खडा धरला आणि दांडा पाव फेरा फिरवला. जबड्यावर ठसा दिसेना. आणखी पाव फेरा.

टक्.

आवाज एवढासाच झाला. जबड्यांत अर्धा खडा होता. उरलेला शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या मैनाबाईच्या सुपात उडाला होता. तिने तांदळात हात घातला आणि तसाच ठेवला. माझा हात दांड्यावरून निघेना. कठीण वस्तू तडकूही शकते, हे मी ओतीव लोखंडाच्या बाबतीत रोज मजुरांना बजावत असे. हिऱ्याच्या बाबतीत ते माझ्या मनालाही शिवले नव्हते.

संध्याकाळी आनंदा पाळीवरून आला. मी कागदावर दोन्ही तुकडे मांडले. त्याने ते एकमेकांना जुळवून पाहिले.

“हे कशासाठी केलंत, दादा?”

“खात्रीसाठी.”

“मला तुमची खात्री होती.”

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या दुकानात मी स्वतःहून सर्व सांगितले. भिंग त्यांच्या डोळ्यावरून गळून गादीवर पडले.

“इंजिनेर साहेब, तुमी हिरा व्हाइसमध्ये धरलात? खरा हाय, म्हणून असा सरळ तडकला! काचेचा तर भुगा झाला असता.”

निर्मळ खडा आदल्या दिवशीच विकला गेला होता. साखरपुड्याला दोन दिवस उरले होते. तात्यांनी मोठा तुकडा बंद कोंदणात, तुटकी बाजू खाली करून बसवला. किंमत मी भरली. आनंदाने अडवले नाही.

साखरपुड्याच्या दिवशी अंगठी घालण्याआधी मी उभा राहिलो. दोष लपवून कोणतीही वस्तू पुढे पाठवू नये, हे मी कामावर पाळत आलो होतो. भरल्या मांडवात घडलेले सर्व क्रमाने सांगितले. आता मास्तर उठून जातील, असे मला वाटले.

उषाने मान वर केली. “तुमच्या घरात खड्यालाही परीक्षा द्यावी लागते, तर! दादा, मला मात्र व्हाइसमध्ये धरू नका.”

मांडव हसला. मास्तरही हसले. उषाने हात पुढे केला.

आनंदाने अंगठी घातली. ती घालताना त्याने तिचे बोट इतक्या हलक्या हाताने धरले होते, की जणू तेही तडकेल. तो हसला नव्हता.